सर्व्हर मधेच थिजतो, सीपीयू-रॅम-डिस्क सगळं ठीक. कन्सोल आणि प्रिंटरवर संशय घ्यावा का?

मधुमालती

नमस्कार मंडळी. एका डेटाबेस सर्व्हरने गेले काही आठवडे अगदी जेरीस आणलंय, म्हणून हा धागा. लिनक्स आहे, दोन मशीनचं क्लस्टर, एक चालू एक राखीव. होतं काय, की मशीन छान चाललेलं असतं आणि एकदम थिजतं, एसएसएचमध्ये टाइप केलेलं उमटत नाही, क्वेऱ्या लटकतात, पिंग कधी येतं कधी येत नाही, आणि मिनिटभराने काही घडलंच नाही अशा थाटात परत चालू. कधीकधी हे इतकं लांबतं की राखीव मशीनला वाटतं जोडीदार गेला, मग ते सगळा कारभार आपल्याकडे ओढून घेतं आणि चालू असलेले व्यवहार तुटतात. लोकांची कामं अडकतात हो, आणि उत्तर द्यायला माझ्याकडे काही नसतं.

रॅम तपासून झाली, डिस्कचे रिपोर्ट स्वच्छ, लोड नसतानाही होतं. लॉगमध्ये ऊप्स (कर्नेल चुकल्याची नोंद) नाही, लॉकअप (सीपीयू अडकल्याची तक्रार) नाही, त्या वेळेपुरती नुसती पोकळी. हार्डवेअरवाले म्हणतायत मदरबोर्ड बदला.

मशीनला बाहेरून दोनच गोष्टी जोडल्यात. एक सिरियल कन्सोल (मशीनचे मेसेज दाखवणारी साधी तारेची जोडणी), जो टर्मिनल सर्व्हरच्या (अनेक मशीनचे कन्सोल एकत्र आणणारं खोकं) पोर्टला जातो, आणि दुसरा यूएसबी प्रिंटर, रात्रीचे रिपोर्ट छापायला. प्रिंटर अधूनमधून गायब होतो आणि आपोआप परत येतो, त्याकडे आजवर कोणी फार लक्ष दिलं नाही कारण छपाई होते शेवटी. यांच्यामुळे अख्खा सर्व्हर थिजू शकतो का?

नवखा०७

मला तर अशक्य वाटतं. प्रिंटर बिघडला तर छपाई बंद पडेल, सर्व्हर का थांबेल? कन्सोल तर नुसता बघायला असतो ना?

खटपट्या

@मधुमालती, मदरबोर्डला हात लावू नका एवढ्यात, चोर सोडून संन्याशाला फाशी होईल. आधी एवढं करा.

प्रॉक खाली टीटीवाय, त्यात ड्रायव्हर, त्यात सिरियल नावाची फाइल आहे, रूट होऊन वाचा. प्रत्येक पोर्टची एक ओळ असते, किती अक्षरं गेली, किती आली, एफई म्हणजे फ्रेमिंगच्या चुका, बीआरके म्हणजे ब्रेक किती आले, ओई म्हणजे ओव्हररन, वेळेत न उचलल्याने हरवलेली अक्षरं. ओळीच्या शेवटी आत्ता कुठले सिग्नल वर आहेत ते असतं, आरटीएस, सीटीएस (पलीकडून येणारा 'पाठव' हा इशारा), डीटीआर वगैरे. त्यात सीटीएस दिसतोय का ते मुद्दाम बघा. ही फाइल कोणी उघडत नाही आणि निम्मं दुखणं तिथेच लिहिलेलं असतं.

दुसरं, प्रॉकमधली इंटरप्ट्स फाइल थोड्या थोड्या वेळाने बघा, कुठला आकडा भलताच पळतोय का. तिसरं, डीमेसेगमध्ये, म्हणजे कर्नेलच्या मेसेजच्या यादीत, यूएसबीचे मेसेज शोधा, विशेषतः एरर मायनस ७१. तो प्रोटोकॉल एरर असतो, बहुतेक वेळा केबल, कनेक्टर नाहीतर हब. चौथं, बूटच्या ओळीत कन्सोल= समोर नक्की काय आहे ते जसंच्या तसं इथे टाका.

मधुमालती

केलं सगळं. बूटच्या ओळीत कन्सोल=टीटीवायएस०,९६००एन८आर असं आहे. सिरियलच्या फाइलमध्ये एफई आणि बीआरके दोन्ही शून्य नाहीत, आणि शेवटी आरटीएस, डीटीआर, सीडी आहे, पण सीटीएस नाही!

डीमेसेगमध्ये यूएसबी डिस्कनेक्ट, मग नवीन फुल-स्पीड डिव्हाइस, मग मायनस ७१, मग परत डिस्कनेक्ट, असे पुंजके आहेत. आणि पुंजक्यांच्या वेळा थिजण्याच्या वेळांशी जुळतायत. इतके दिवस डेटाबेसच्या लॉगमध्ये शोधत होतो सगळे, हे शेजारी ठेवून कोणी बघितलंच नव्हतं.

अबोल

सापडलं म्हणायला हरकत नाही. त्या ९६००एन८आर मधला शेवटचा आर आणि न आलेला सीटीएस, या दोघांनी मिळून केलंय हे. जरा सविस्तर लिहितो, कारण @नवखा०७ यांना पडलेला प्रश्न बऱ्याच जणांना पडतो.

कन्सोल नुसता बघायला नसतो. कर्नेल जेव्हा प्रिंटके (मेसेज छापायचं त्याचं फंक्शन) करतं तेव्हा मेसेज आधी मेमरीतल्या बफरमध्ये जातो, ते झटपट होतं, पण नंतर तोच मेसेज कन्सोलवर ढकलायचं काम ज्या सीपीयूच्या हाती कन्सोलचं कुलूप असेल त्याला करावं लागतं आणि तेही तिथल्या तिथे, पारंपरिक कन्सोल ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट बंद ठेवून. सिरियलच्या ड्रायव्हरमध्ये हे एकेक अक्षर करून होतं, चिप रिकामी झाली का बघ, अक्षर टाक, परत बघ. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट, स्टार्ट-स्टॉप बिट धरून एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ८० अक्षरांच्या एका ओळीला साधारण ८३ मिलिसेकंद. तेवढा वेळ एक सीपीयू दुसरं काहीही करत नाही. सेकंदाला बारा ओळी आल्या की तो सीपीयू पूर्ण त्यातच गेला. आणि हे सगळं निरोगी केबलवर बरं का.

आता आर. त्याचा अर्थ हार्डवेअर फ्लो कंट्रोल पाळ, म्हणजे पलीकडून सीटीएस आल्याशिवाय अक्षर पाठवू नको. ८२५० ड्रायव्हर (सिरियल पोर्टचा नेहमीचा) अशा वेळी सीटीएसची वाट बघतो, कायमची नाही, पण प्रत्येक अक्षरासाठी एक सेकंदापर्यंत. हे परत वाचा, प्रत्येक अक्षरासाठी. पलीकडचा टर्मिनल बंद असेल, केबलमधली एक तार तुटलेली असेल, टर्मिनल सर्व्हरच्या पोर्टचं सेटिंग चुकलं असेल, तर 'यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर १७' असल्या साठेक अक्षरांच्या ओळीला एक मिनिट! तुमचं "मिनिटभराने परत चालू" ते हेच.

लॉगमध्ये लॉकअप का नाही, तर तो वाट बघणारा लूप मधूनमधून वॉचडॉगला स्वतःच थोपटत असतो, त्यामुळे २० सेकंदांनी येणारी सॉफ्ट लॉकअपची तक्रार येतच नाही. सगळ्यात फसवा भाग हाच आहे.

आणि मशीनला एवढे कोअर असताना सगळंच का थिजतं? कारण बाकीच्या कोअरना अधूनमधून त्या अडकलेल्या कोअरला निरोप पाठवून उत्तराची वाट बघावी लागते, मेमरीचे मॅपिंग बदलले की टीएलबी (कोअरजवळची मॅपिंगची जुनी प्रत) पुसायला वगैरे, आणि इंटरप्ट बंद असलेला कोअर उत्तर देत नाही. मग एकेक करून सगळे रांगेत. नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट त्या कोअरवर असेल तर पिंगही जातं. लोड नसताना होतं त्याचंही कारण हेच, यात लोडचा संबंधच नाही, प्रिंटर कधी तुटतो त्यावर सगळं.

थोडक्यात, प्रिंटरची सैल केबल मेसेज जन्माला घालतेय आणि मेलेला कन्सोल ते गिळायला नकार देतोय. एकटा प्रिंटर असता तर डीमेसेग घाण झालं असतं फक्त, एकटा कन्सोल असता तर कदाचित वर्षभर कळलंही नसतं.

कर्नेलवाल्यांनाही हे दुखणं माहीत आहे. ४.१६ मध्ये, २०१८ साली, एकाच सीपीयूने सगळ्यांचे मेसेज छापत बसू नये म्हणून कुलूप दुसऱ्याच्या हाती द्यायची सोय आली. रिअल-टाइमचं काम मुख्य कर्नेलमध्ये यायला ६.१२ पर्यंत थांबावं लागलं त्यातही प्रिंटकेची ही भानगड सोडवणं हा मोठा अडसर होता. पण आजही मंद सिरियल आणि बडबडं कर्नेल एकत्र आलं की त्रास होतोच.

नवखा०७

बापरे. म्हणजे नुसत्या मेसेजनी मशीन थांबतं. मग फायरवॉलचे लॉगही?

अबोल

हो, ते तर नेहमीचं. आयपीटेबल्सचा लॉग नियम लिमिट न लावता ठेवला, कन्सोल ९६०० वर, आणि बाहेरून कोणी पोर्ट चाचपायला लागलं की झालं, हल्ला न करताच मशीन बसलं.

जुना_टर्मिनल

फार चांगला धागा. या विषयावर लोक बोलत नाहीत, कारण टर्मिनल दिसत नाही आता कोणाला.

मी कागदी कन्सोलच्या काळापासून आहे या कामात. डेकरायटर एलए३६, १९७४ चं यंत्र, सेकंदाला ३० अक्षरं. नंतर एलए१२० आलं, सेकंदाला १८०. कन्सोल आणि प्रिंटर एकच वस्तू होती तेव्हा, म्हणजे या धाग्याचे दोन्ही आरोपी एका खोक्यात. कागद संपला की ऑपरेटरचे मेसेज तुंबायचे, आणि जो प्रोग्राम कन्सोलवर लिहायला गेला तो तिथेच उभा. आमच्यात शिस्त होती, शिफ्ट बदलताना पहिली नजर कागदाच्या गठ्ठ्यावर.

@खटपट्या यांनी बीआरके बघायला सांगितलं ते फार महत्त्वाचं. ब्रेक म्हणजे अक्षर नव्हे, लाइन एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त काळ स्पेस अवस्थेत ठेवणं. सिरियल लाइन मोकळी असते तेव्हा ती मार्कवर म्हणजे ऋण व्होल्टेजवर असते. टर्मिनलची पॉवर घालवली-आणली की ते ऋण व्होल्टेज क्षणभर डळमळतं आणि समोरच्या मशीनला वाटतं ब्रेक आला. सनच्या स्पार्क मशीनवर ब्रेकचा अर्थ ठरलेला, ऑपरेटिंग सिस्टिम जागच्या जागी थांबव आणि ओपनबूटच्या ओके प्रॉम्प्टवर ये. म्हणजे कोणीतरी टेबलावरचा टर्मिनल बंद केला की डेटाबेस थांबला! गो टाइप केलं की तिथूनच पुढे चालू, पण तोवर नेटवर्कची कनेक्शनं तुटलेली आणि क्लस्टरच्या जोडीदाराने कारभार हातात घेतलेला. मायक्रोव्हॅक्सवरही ब्रेकने हॉल्ट, मोठ्या व्हॅक्सला कन्सोलवरून कंट्रोल-पी दिलं की तीन बाणांचा प्रॉम्प्ट.

आणि टर्मिनल सर्व्हर आले तेव्हा हे वाढलं, कारण एक टर्मिनल सर्व्हर रिबूट झाला की त्याच्या सगळ्या पोर्टवरून एकदम ब्रेक. एका ठिकाणी यूपीएसच्या देखभालीत टर्मिनल सर्व्हरची वीज गेली-आली आणि रॅकमधली ओळीने सगळी मशीनं ओकेवर येऊन उभी. ऑपरेटर एकेका कन्सोलवर जाऊन गो देत होता, घाम फुटला होता त्याला. यावर सोलारिस ८ पासून उपाय आहे, केबीडी कमांडने पर्यायी क्रम लावायचा, मग नुसत्या ब्रेकने काही होत नाही, एंटर, टिल्ड, कंट्रोल-बी असा क्रम लागतो. तो अपघाताने येत नाही.

लिनक्सवाल्यांनी निश्चिंत राहू नये. सीस-आरक्यू (कर्नेलला थेट हुकूम द्यायची सोय) सिरियलवर चालू असेल तर ब्रेक आणि त्यानंतर पाच सेकंदांत एक अक्षर, एवढ्यावर हुकूम चालतो, आणि बी अक्षराचा अर्थ तत्काळ रिबूट, डिस्कवर काही न लिहिता. गोंगाट असलेल्या केबलवर ब्रेकही येतात आणि कचरा अक्षरंही येतात. @मधुमालती, तुमचा बीआरके शून्य नाही म्हणालात, तर कर्नेल.सीसआरक्यू ची किंमत बघून घ्या आजच, हवे तेवढेच बिट ठेवा.

मधुमालती

बघितली, सगळंच चालू होतं. फक्त सिंकपुरतं ठेवलं. धन्यवाद काका, हे डोक्यातच आलं नसतं.

नवखा०७

एक शंका. फ्लो कंट्रोल सॉफ्टवेअरचा असेल, एक्सऑन-एक्सऑफ, तर हा त्रास नाही ना?

अबोल

असतो, आणि तो जास्त छुपा असतो. कंट्रोल-एस म्हणजे एक्सऑफ, हेक्समध्ये १३, हे एक अक्षर जरी आत आलं तरी टीटीवाय आउटपुट थांबवतं आणि कंट्रोल-क्यू येईपर्यंत थांबूनच राहतं. ते अक्षर कोणी मुद्दाम दाबायला नको, गोंगाटातून येऊ शकतं, व्हीटी१०० वरची नो स्क्रोल की कोपर लागून दाबली जाऊ शकते, बफर भरलेला सिरियल प्रिंटरही तेच पाठवतो.

कर्नेलचे मेसेज यात अडकत नाहीत, ते वेगळ्या वाटेने जातात. अडकतात ते डेव्ह-कन्सोल उघडून लिहिणारे प्रोग्राम. आणि त्यात सिसलॉग (सगळ्यांच्या नोंदी गोळा करणारा डीमन) असेल तर खरी पंचाईत. जुन्या पद्धतीच्या कॉन्फिगमध्ये गंभीर मेसेज कन्सोलवर टाक अशी ओळ असते. सिसलॉग डीमन ती ओळ लिहायला जातो, राइट परत येत नाही, डीमन तिथेच झोपतो. आता डेव्ह-लॉगचं सॉकेट कोणी रिकामं करत नाही. त्याची रांग छोटी असते, कर्नेलची मूळ किंमत १०, सिस्टिमडी असलेल्या मशीनवर ५१२. ती भरली की सिसलॉग() बोलावणारा प्रत्येक प्रोग्राम अडकतो. एसएसएच लॉगिन नोंदवायला जातं, अडकलं. सुडो, अडकलं. क्रॉन, मेल, सगळे. मशीन पिंगला उत्तर देतंय, आधीपासून उघडी असलेली कनेक्शनं चालतायत, पण नवीन कोणालाच आत जाता येत नाही. लोक शेवटी पॉवर बटण दाबतात आणि रिबूटनंतर सगळं ठीक दिसतं, कारण रिबूटमध्ये टीटीवायची थांबलेली अवस्था पुसली गेली. पुरावाही गेला सोबत.

अशा वेळी एक सेशन आधीच उघडं असेल तर सिसलॉगच्या प्रोसेसवर एसट्रेस (प्रोसेस कुठल्या सिस्टिम कॉलवर आहे ते दाखवणारी कमांड) लावून बघा, राइटवर उभा दिसला की नाडी सापडली. चांगले सिसलॉग डीमन कन्सोल नॉन-ब्लॉकिंग उघडतात, पण आपला कुठला आहे ते तपासून बघा.

विंडोवाली

प्रिंटरची बाजू मी मांडते, विंडोजकडून, कारण तिथे प्रिंटरने सर्व्हर पाडायचा इतिहास मोठा आहे.

एनटी ४.० च्या काळात प्रिंटरचे ड्रायव्हर कर्नेल मोडमध्ये चालायचे. म्हणजे प्रिंटर बनवणाऱ्याच्या प्रोग्रामरकडून एक पॉइंटर चुकला की अख्खा सर्व्हर निळ्या स्क्रीनवर. विंडोज २००० पासून ड्रायव्हर यूजर मोडमध्ये आले, मग निळा स्क्रीन जाऊन स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस) कोसळायला लागला, कारण सगळे ड्रायव्हर एकाच स्पूलर प्रोसेसमध्ये राहायचे, एक बिघडला की सगळ्यांची छपाई बंद. टर्मिनल सर्व्हिसेसच्या सर्व्हरवर तर प्रत्येक माणूस आपल्या घरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर सोबत घेऊन यायचा. सर्व्हर २००८ आर२ मध्ये ड्रायव्हर आयसोलेशन आलं, संशयित ड्रायव्हर वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवता येतो. जो कोणी प्रिंट सर्व्हर सांभाळतो त्याने हे वापरायलाच हवं, सेटिंग तिथेच असतं आणि कोणी हात लावत नाही.

बिघडलेला जॉब हा दुसरा शत्रू. अर्धवट एसपीएल फाइल सिस्टिम३२ खालच्या स्पूल-प्रिंटर्स फोल्डरमध्ये पडलेली असते, स्पूलर उठतो, ती वाचतो, पडतो, सर्व्हिस मॅनेजर परत उठवतो. उपाय एकच, स्पूलर थांबवा, तिथल्या एसपीएल आणि एसएचडी फाइल काढा, परत चालू करा.

आणि डोमेन कंट्रोलरवर स्पूलर चालूच ठेवू नका. २०२१ च्या प्रिंटनाइटमेअर या स्पूलरमधल्या सुरक्षेच्या त्रुटीनंतर तरी हे सांगायला लागू नये, पण अजून दिसतो चालू. ज्या मशीनवर छपाई नाही तिथे ती सर्व्हिस हवीच कशाला.

खटपट्या

@विंडोवाली, सहमत. लिनक्सवर स्पूल भरण्याचा प्रकार जास्त बघितलाय मी. प्रिंटर बंद, कप्सची (लिनक्सची छपाईची व्यवस्था) रांग थांबलेली, आणि रात्रीचा प्रोग्राम रोज रिपोर्ट ढकलतोय. स्पूल ज्यात असतो ती वार डिरेक्टरी वेगळ्या विभाजनावर नसेल तर एक दिवस रूटची डिस्क भरते आणि डेटाबेस, मेल, लॉग सगळे एकदम रडायला लागतात. कप्समध्ये एरर पॉलिसी नावाचं सेटिंग आहे, जॉब परत परत मार, की रद्द कर, की रांग थांबव. मूळ सेटिंग रांग थांबवण्याचं. सर्व्हरवर कुठलं हवं ते विचार करून ठरवा. आणि कोणीतरी तपास करताना लॉग लेव्हल डीबगवर नेऊन लॉगच्या आकाराची मर्यादा काढून टाकतो, ते परत जागेवर आणायला विसरू नका.

आता एफईबद्दल, कारण @मधुमालती यांचा तोही शून्य नाही आणि त्यावर कोणी बोललं नाही. फ्रेमिंगच्या चुका म्हणजे एकतर दोन टोकांचा बॉड जुळत नाही किंवा लाइनवर गोंगाट आहे. आरएस-२३२ ला रिसीव्हरच्या टोकाला निदान ३ व्होल्ट हवेत, धन किंवा ऋण. जुन्या मानकात केबल ५० फुटांपर्यंत, नंतर ते बदलून केबलची कपॅसिटन्स २५०० पिकोफॅरडपर्यंत असं झालं. लोक नेटवर्कची उरलेली केबल घेऊन लांबवर ओढतात. दोन टोकं वेगवेगळ्या पॉवर सर्किटवर असली की ग्राउंडमध्ये फरक पडतो, तो प्रवाह सिरियलच्या ग्राउंड तारेतून वाहतो, आधी कचरा अक्षरं येतात आणि मग एखाद्या दिवशी ड्रायव्हर चिपच जळते. अशा ठिकाणी ऑप्टो आयसोलेटर घाला, त्यात काटकसर नको.

पलीकडच्या टोकाला काहीच नसलेली लांब केबल तर सगळ्यात वाईट. आरएक्सची तार तरंगत असते, शेजारच्या टीएक्सचे संकेत तीत उमटतात. गेटी (पोर्टवर लॉगिन विचारणारा प्रोग्राम) लॉगिन: असं पाठवतो, तेच थोडंसं खराब होऊन परत येतं, गेटीला वाटतं कोणीतरी नाव टाइप केलं, तो पासवर्ड विचारतो, ते परत येतं, चुकीचा पासवर्ड, परत लॉगिन. मशीन स्वतःशीच बोलत बसतं. लॉगिन फसल्याच्या नोंदींनी ऑथचा लॉग फुगतो, इनिट वैतागून 'रिस्पॉनिंग टू फास्ट, ५ मिनिटं बंद' असं सांगतं, पाच मिनिटांनी परत तेच. चुकून लूपबॅक झालेला पोर्ट किंवा इको चालू असलेला टर्मिनल सर्व्हर यानेही हेच होतं.

आणि इंटरप्टचा मारा. 'टू मच वर्क फॉर आयआरक्यू४' हा मेसेज ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल. १६५५०ए चिपला १६ अक्षरांचा फिफो (छोटी साठवण) असतो म्हणून निभावतं, साध्या ८२५० ला प्रत्येक अक्षरामागे एक इंटरप्ट, ११५२०० बॉडला सेकंदाला साडेअकरा हजार. समांतर पोर्टच्या जुन्या प्रिंटरमध्ये अ‍ॅकची तार सैल असली की आयआरक्यू ७ वर असंच. शेअर केलेल्या लाइनवर कोणीच न ओळखलेले इंटरप्ट येत राहिले, की एक लाखातले ९९,९०० अनाथ निघाल्यावर कर्नेल ती लाइनच बंद करतं, 'नोबडी केअर्ड' म्हणून. मग त्याच लाइनवर असलेलं निर्दोष डिस्क किंवा नेटवर्कचं कार्ड रखडतं आणि परत मदरबोर्डवर आळ.

रेशीमगाठ

मग सरळ सिरियल केबल काढून टाका ना. आता सगळ्यांकडे बीएमसी (मशीन दुरून सांभाळणारी बोर्डावरची चिप) असतो, सिरियल ओव्हर लॅन वापरा, नेटकन्सोलने मेसेज यूडीपीवर पाठवा. कशाला ही जुनी दुखणी जपायची?

जुना_टर्मिनल

नम्रपणे असहमत. नेटवर्कचा ड्रायव्हरच मेला असेल तेव्हा नेटकन्सोल काय करणार? पॅनिकच्या वेळी शेवटची ओळ ज्या वाटेने बाहेर येते ती वाट साधी हवी, आणि सिरियलइतकं साधं काही नाही. बीएमसीचा सिरियल ओव्हर लॅन म्हणजे तरी काय, मशीनला दिसणारा एक यूएआरटीच (सिरियल पोर्टची चिप) आहे तो, बॉड आहे, फ्लो कंट्रोल आहे, आणि बीएमसी स्वतःच अडकला तर सीटीएस खाली. दुखणं तेच, फक्त केबल दिसत नाही.

अबोल

दोघांचंही पटतं. माझं मत, सिरियल ठेवा पण त्याच्यावर थांबू नका. बॉड ११५२००, तिथे ८० अक्षरांची ओळ ७ मिलिसेकंदांत जाते. आर काढा, काही अक्षरं हरवली तर हरवू देत, ती डीमेसेगमध्ये असतातच. कन्सोलची लॉग लेव्हल ४ ठेवा म्हणजे एररपासून वरचंच कन्सोलवर जाईल, यूएसबी जोडला-तुटला हे नाही. पलीकडे सतत वाचून फाइलमध्ये साठवणारं काहीतरी ठेवा, कॉनसर्व्हर सारखं. आणि तपासाच्या वेळी सगळ्या टास्कची यादी सीस-आरक्यूने कन्सोलवर ओतायची असेल तर आधी हिशोब करा, पाच लाख अक्षरं ९६०० ला साडेआठ मिनिटांच्या वर घेतात.

मधुमालती

अपडेट देते. टर्मिनल सर्व्हरकडची केबल उघडून बघितली. आरजे४५ ला डीबी९ चं अडॅप्टर आहे, त्यात सीटीएसची पिन मागे सरकलेली, बोटाने दाबली तर आत-बाहेर होते. म्हणजे कधी लागायची कधी नाही, म्हणूनच काही पुंजके त्रास न देता निघून जायचे. शिवाय ती केबल पॉवरच्या केबलांच्या जुडग्यातून खेचून नेलेली होती, एफई आणि बीआरके तिथून येत असावेत. अडॅप्टर बदललं, केबल वेगळ्या वाटेने नेली.

प्रिंटरची यूएसबी केबल एका हबमधून जात होती, हबचा अडॅप्टर सैल. प्रिंटर आता सर्व्हरवरून काढला आणि नेटवर्कवर स्वतंत्र प्रिंट सर्व्हरला लावला. बूटच्या ओळीतला आर काढला, बॉड ११५२०० केला, लेव्हल ४. तेव्हापासून थिजलेलं नाही. मदरबोर्डची ऑर्डर थांबवलीय.

विंडोवाली

छानच! एक विचारते, रिपोर्ट छापणारा प्रोग्राम प्रिंटरला थेट लिहायचा की स्पूलमधून? कारण मी एका ठिकाणी वेगळंच बघितलंय. प्रोग्राम डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडायचा, पावती क्रमांकाची ओळ लॉक करायचा, मग प्रिंटरच्या डिव्हाइसवर थेट लिहायचा, आणि छापून झालं की कमिट. कागद संपला की राइट अडकलं, कमिट नाही, लॉक सुटत नाही, आणि पुढचा प्रत्येक माणूस त्याच ओळीसाठी रांगेत. बाहेरून दिसायला डेटाबेस हँग. डीबीए इंडेक्स बघत बसले होते आणि प्रिंटरवर पिवळा दिवा लुकलुकत होता.

मधुमालती

अरे देवा, आत्ता कोड बघितला. आमचाही क्रम तोच आहे, आधी छाप मग कमिट. डेव्हलपरना सांगितलं, आधी कमिट आणि मग स्पूलमध्ये टाका, छपाई फसली तर परत छापायची वेगळी सोय करा. त्यांना पटलंय.

नवखा०७

माझ्याकडे पण एक सर्व्हर आहे ज्याचा कन्सोल कुठे जातो मला माहीत नाही. थिजायची वाट न बघता आधी कसं तपासायचं?

अबोल

सोपं आहे. वर्दळ नसताना, राखीव मशीनवर आधी, डेव्ह खालच्या केमेसेग फाइलमध्ये ८० अक्षरांची एक ओळ लिहा आणि टाइम कमांडने वेळ मोजा. ओळीच्या सुरुवातीला कंसातला आकडा २ द्या म्हणजे लेव्हल ४ ला सुद्धा ती कन्सोलवर जाईल. शांत मशीनवर लिहिणारी प्रोसेस कन्सोलवर ओळ जाईपर्यंत थांबते, त्यामुळे कळतं खरा खर्च किती. मग पलीकडची केबल काढून परत मोजा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. केबल काढल्यावर वेळ वाढला तर कुठेतरी फ्लो कंट्रोल चालू आहे.

आणि बूटच्या ओळीत दोन-तीन कन्सोल= असतील तर सगळ्यात शेवटचा जो असतो तोच डेव्ह-कन्सोल होतो, कर्नेलचे मेसेज मात्र सगळ्यांवर जातात. तेव्हा यादीतला प्रत्येक तपासा.

मधुमालती

राखीव मशीनवर हे करून बघितलं, तिथे जुनीच ओळ होती, आर सकट. केबल लावलेली असताना वेळ ८० मिलिसेकंदांच्या आसपास, केबल काढल्यावर एक मिनिट उलटून गेलं तरी प्रॉम्प्ट परत आला नाही. म्हणजे कारभार राखीवकडे गेला असता तरी तेच झालं असतं. आर काढून, बॉड वाढवून रिबूट केल्यावर केबल असो नसो ७-८ मिलिसेकंद. आता इमेज टेम्प्लेटमधली बूटची ओळ बदलायला दिलीय, कारण बाकीची मशीनं त्याच टेम्प्लेटवरून उभी राहिलीत.

खटपट्या

टेम्प्लेट बदलताना ग्रबचं (कर्नेल चालू करून देणारा बूटलोडर) सिरियल सेटिंगही बदला, ते वेगळं असतं. तिथे ९६०० राहिलं आणि कर्नेल ११५२०० वर गेलं तर बूटच्या मधे कन्सोलवर कचरा दिसेल आणि एफई परत वाढायला लागतील. टर्मिनल सर्व्हरच्या पोर्टचा बॉडही तोच करा.

मधुमालती

पोर्टचा केला होता, ग्रबचा राहिला होता. करते.